व्हायोलिनच्या पोटातली चिठ्ठी

वाद्यवृंदातल्या मुख्य व्हायोलिनवाल्याला कारागीरबाई मनातल्या मनात कानसेन म्हणत. कारण हे गृहस्थ ऐकायचे ते डोळ्यांनी. आधी वाद्य उजेडात धरायचं, झिजलेल्या जागा गोंजारायच्या, आणि सगळं बघून झाल्यावर डोळे मिटून ऐकल्याचं सोंग करायचं.

गेल्या वर्षी बाईंनी स्वतः घडवलेलं व्हायोलिन त्यांना दाखवलं होतं. लाकूड नवं, पॉलिश चकचकीत. गजाचे दोन हात मारून त्यांनी निकाल दिला: आवाज कोवळा आहे, शंभर वर्षं जाऊ देत. वीस वर्षं लोकांची जुनी वाद्यं सांधणाऱ्या बाईंना एवढंच हवं होतं, की आपल्या हातचं एक तरी त्या मंचावर वाजावं. शंभर वर्षं थांबायला त्यांना काही सवड नव्हती.

मग त्यांनी काय केलं, तर चहाचं पाणी, काजळी आणि सुती फडकं घेऊन त्याच व्हायोलिनला म्हातारपण आणलं. हनुवटी टेकते तिथलं पॉलिश उडवलं, कडेला दोन चरे पाडले. घडवणारा वाद्याच्या पोटात आपल्या नावाची चिठ्ठी चिकटवतो. तीही लांब सुरीनं सोडवून खणात टाकली. आवाजाला मात्र हात लावला नाही.

"वहिनी, म्हातारीला नटवताना पाहिलंय," गोंद ढवळत नणंद म्हणाली. "तरणीला म्हातारी करताना आजच बघतेय."

कानसेन आले. उजेडात धरून झालं, गोंजारून झालं. वाजवता वाजवता त्यांची स्तुती सुरू झाली. असं लाकूड आता बोलत नाही, असे हात आता उरले नाहीत, वगैरे वगैरे. मग बॅटरी मारून आत डोकावले नि हळहळले, की चिठ्ठी कुणा अडाणी दुरुस्तीवाल्यानं खरवडलेली दिसते.

गप्प बसल्या असत्या तर व्हायोलिन मंचावर गेलं असतं. पण कुणा मेलेल्याच्या हातांचं म्हणून. बाईंनी खण उघडला आणि चिठ्ठी त्यांच्या पुढ्यात ठेवली.

त्यांनी ती दोनदा वाचली. व्हायोलिन खाली ठेवलं.

"तरीच," ते म्हणाले. "वरच्या तारेत मला कोवळेपणा जाणवलाच होता."

नणंदेनं ढवळणं थांबवलं. बाईंनी तिच्याच भांड्यातला गोंद चिठ्ठीला लावला, ती होती तिथे परत चिकटवली, आणि एक स्वच्छ फडकं कानसेनांपुढे धरलं.

"चष्मा पुसून घ्या," त्या म्हणाल्या. "म्हणजे पुढच्या वेळी नीट ऐकू येईल."