कादंबरीतून सासू कापली तेव्हा

मित्रांनो, शाळेचे तोंड मी पाहिलेले नाही. मी कापडाची कात्री. पंडरीच्या कापडबाजारातून गोदावरीबाईंनी मला पारखून आणले. शंकर नगरातल्या बायकांचे ब्लाउज शिवून त्यांनी घर उभे केले, आणि त्यातले निम्मे काम माझे. रेशीम असो की खण, माझ्या पात्यांखाली सूत कधी विसकटले नाही. बायका माझे कौतुक करत आणि मी फुगून जाई.

मग बाईंची नजर अधू झाली, शिलाई मशीन झाकली गेली आणि मी त्यांच्या सुनेच्या, विनोदिनीच्या टेबलावर आले. ती कादंबरी लिहीत होती, हाताने. नागपूरच्या एका प्रकाशकाने वाचायला मागितली होती. ती पान मोठ्याने वाची, माझ्याकडून परिच्छेद कापून घेई, दिवाणावर पुढेमागे मांडी आणि पटले की डिंकाने चिकटवी. कागदाने माझी धार जात होती. तरी सोसले.

पण घरच्यांनी वाचायला घेतले आणि माझे हाल सुरू झाले. नवरा नीलेश त्याच्या बाजारी हिंदीत म्हणाला, "अरे यार, ये खर्राटेवाला तो मैं हूँ!" घोरणारा गेला. नणंद पूर्णिमा अभनपूरच्या सासरहून आली नि रुसली, "वहिनी, माहेरून डबे भरून नेणारी मीच ना?" तीही गेली. अशाने कादंबरी होते का? गठ्ठा पापडासारखा पातळ झाला!

शेवटी उरली सासू. सुनेच्या वरणात न चाखता मीठ टाकणारी, आणि तीच सून तापाने फणफणली तेव्हा शिव्या देत देत तिचे केस विंचरणारी. कादंबरीत जीव होता तो तिच्यातच. बाई दुखावतील म्हणून विनोदिनीने तिलाही कापायला घेतले. मी पाती अडकवून पाहिली. पण माझ्या तोंडाचा ताबा दुसऱ्याच्या मुठीत!

संध्याकाळी बाई म्हणाल्या, "वाच वं, मलेही ऐकू दे." ऐकले आणि भुवया चढल्या. "याच्यात सासू काहून नाही?"

"होती, आई. काढली."

"कोणाले इचारून? माह्याच घरात बसून मलेच काढून राहिली?"

विनोदिनीने कचऱ्याच्या टोपलीतले तुकडे वेचले आणि भीत भीत वाचले. मिठावर बाई उसळल्या, "खोटं! मी चाखतो, मंग टाकतो!" केस विंचरण्याचा तुकडा मात्र पुन्हा वाचायला लावला.

मग म्हणाल्या, "मिठाचंही राहू दे. चिकटव सगळं. अन् कात्री आण इकडे."

आता मी बाईंच्या कपाटात आहे, बोथट. धार पुन्हा येईल की नाही, कोण जाणे. मित्रांनो, कापडाच्या कात्रीने कागद कापू नका. आणि कोणी दुखावेल म्हणून गोष्टीतून माणूस काढायचा असेल, तर आधी त्याला वाचून दाखवा. भांडण व्हायचे ते समोरासमोर होऊ द्या. मला मध्ये घालू नका.