एकही नोट न काढता

ढमीच्या बाबाने निघण्याआधीच सगळ्या नातेवाइकांसमोर जाहीर करून टाकलं होतं की, परदेशातली ही सहल तो एकही नोट न काढता करून दाखवणार. आणि दाखवलीही. फोन मशीनला लावायचा, 'टुक' झालं की भुवया उडवून बायकोकडे बघायचं. रस, ट्राम, संग्रहालय, एवढंच काय, स्टेशनातल्या संडासाचं दारसुद्धा त्याने टुक करून उघडलं आणि त्याचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. ढमी अजून धड 'आई' म्हणत नव्हती, पण 'टुक' म्हणायला शिकली होती.

ढमीची आई त्याच्यासोबत हसायची. पण मुळात ती काळजीखोर. बसमध्ये पाय ठेवायच्या आधी तिच्या डोक्यात ती बस उलटून झालेली असायची. फोन बंद पडला तर, मशीन बिघडलं तर, बँकेने भलत्याच वेळी हात वर केले तर? पहिल्याच दिवशी नवरा सामानाच्या पट्ट्यापाशी उभा असताना ती 'ढमीचा डायपर बदलून आणते' म्हणून सटकली आणि घरून निघताना तिच्या आईने मुठीत कोंबलेल्या पैशांच्या तिथल्या नोटा करून आली. ढमीला छातीशी बांधायच्या कॅरिअरला आतून एक चोरखिसा होता, पोरीच्या पोटाशी. त्यात ती घडी गेली.

नवऱ्याला तिने हे सांगितलं नाही. तो रागावला नसता. हसला असता, आणि तेच नको होतं. झोपलेल्या ढमीचा श्वास चालू आहे ना, हे बघायला ती नाकाशी बोट धरते, त्याची नक्कल तो चार माणसं जमली की करायचा. इतकी हुबेहूब, की तिची सख्खी आईही पदर तोंडाला लावून हसली होती. आता त्यात या नोटांची भर कशाला?

परतीच्या दिवशी दुपारी त्यांनी विमानतळासाठी टॅक्सी केली. ड्रायव्हर पन्नाशीचा, जाडजूड, शर्टाची कॉलर उसवलेली. बॅगा त्यानेच डिकीत टाकल्या. ढमीच्या डोळ्यांवर ऊन येतंय म्हणून आपला टॉवेल खिडकीच्या काचेत अडकवून दिला. ढमीच्या आईला तेवढ्यानेच तो भला वाटला. स्टीअरिंग आपल्याकडच्या उलट, डावीकडे. ती त्याच्या बरोबर मागे बसली, नवरा तिच्या उजवीकडे.

विमानतळाचा मनोरा दिसायला लागला आणि ड्रायव्हरने गाडी एका आडरस्त्याला घेतली. दोन्ही बाजूंना बंद गोदामं, पत्र्याची दारं, वारा मोकाट. एसी बंद पडू नये म्हणून त्याने इंजिन चालूच ठेवलं आणि मागे वळला. मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्याने सांगितलं ते असं, की मशीनवर दिलेले पैसे गाडीमालकाच्या खात्यात जातात आणि मालकाने दोन महिने त्याच्या हातावर काही टेकवलेलं नाही. सकाळपासून आलेलं प्रत्येक गिऱ्हाईक मशीनला फोन लावून उतरून गेलं. पुढे गेटपाशी मालकाचा माणूस उभा असतो. म्हणून इथेच, कृपा करून, रोख द्या.

तो खरंच 'कृपा करून' म्हणाला होता. ढमीच्या आईचा हात आपसूक कॅरिअरमध्ये गेला. घडी बोटांना लागलीसुद्धा. तेवढ्यात नवऱ्याने तिच्याकडे पाहून एक डोळा बारीक केला, म्हणजे बघ आता गंमत. तिने हात बाहेर काढला आणि ढमीचा मोजा सारखा केला.

नवऱ्याने मग व्याख्यानच सुरू केलं. रोखीमुळेच चोऱ्या होतात, कर बुडतो, देश मागे राहतात. मालकाशी तुमचं भांडण आहे तर मालकाशी भांडा, गिऱ्हाइकाला मध्ये का घेता. ड्रायव्हर ऐकत होता. ऐकता ऐकता त्याची मान लाल होत गेली, हे मागून फक्त तिला दिसत होतं. पुन्हा तो म्हणाला, "नोटा. थोड्या कमी दिल्या तरी चालतील."

"नाहीतच ना," नवरा म्हणाला. आणि पुढे वाकून, ड्रायव्हरच्या खांद्यावरून हात घालून, भाड्याचा आकडा झळकत असलेल्या मशीनला त्याने स्वतःच फोन लावला. टुक.

"हे बघा, झालं. फिटलं तुमचं."

ड्रायव्हरने मशीनकडे पाहिलं. मग वळला आणि त्याने नवऱ्याच्या तोंडावर ठोसा मारला. चष्मा फुटून ढमीच्या मांडीवर पडला. काच पोरीच्या पायाला लागायच्या आत आईने झटकली. तोवर ड्रायव्हर पायाशी ठेवलेला लोखंडी पाना घेऊन खाली उतरला होता, वळसा घालून त्याने नवऱ्याकडचं दार उघडलं होतं आणि कॉलरला धरून त्याला रस्त्यावर ओढलं होतं.

पहिला फटका गुडघ्यावर बसला. नवरा ओरडलाच नाही, नुसती हवा बाहेर पडली. दुसरा बरगडीत. तो सांगत होता, फोन घे, घड्याळ घे, आणि ड्रायव्हर प्रत्येक फटक्याला एकच शब्द म्हणत होता, "नोटा". उठायला म्हणून नवऱ्याने दाराच्या चौकटीला धरलं. ड्रायव्हरने ते पाहिलं आणि दार आपटलं.

ढमीच्या आईने तो आवाज गाडीच्या आत बसून ऐकला. दार लागलं नाही. चार बोटं आणि अंगठा त्यात होता. ड्रायव्हरने ते उघडलं आणि पुन्हा आपटलं.

आता नवरा ओरडला. ढमी झोपेतून दचकून उठली आणि बाबापेक्षा मोठ्याने रडायला लागली. आईने तिचं डोकं छातीवर दाबलं. पोरीला ते दिसू नये म्हणून, की आपल्याला ऐकू येऊ नये म्हणून, तिलाही कळलं नाही. आता सांगावं, आता सांगावं, असं तिच्या घशाशी येत होतं. पण आता सांगितलं तर हा इकडे येणार. नोटा पोरीच्या पोटाशी आहेत आणि याच्या हातात पाना आहे. आधी सांगितलं असतं तर गोष्ट वेगळी होती. आधी तो टॉवेल लावणारा माणूस होता.

ड्रायव्हरने खिशातून स्वतःचा फोन काढून नवऱ्यासमोर धरला. माझ्या नंबरवर पाठव, मालकाच्या नको, माझ्या. नवऱ्याने खरंच प्रयत्न केला. रक्ताने लडबडलेला अंगठा त्याने आपल्या फोनच्या काचेवर टेकवला. फोन ओळखेना. त्याने तो शर्टाला पुसला, पुन्हा टेकवला. कातडं लोंबत होतं. फोन आकडा मागायला लागला आणि तो आकडा नवऱ्याला आठवेना. महिनोन्महिने अंगठ्यावरच सगळं भागलं होतं. त्याने काहीतरी दाबलं, ते चुकलं, पुन्हा दाबलं, पुन्हा चुकलं. ड्रायव्हरला वाटलं, हा वेळ काढतोय. त्याने नवऱ्याला केसांना धरून मागे वाकवलं आणि पाना उचलला, या वेळी डोक्याच्या उंचीला.

"माझ्याकडे आहेत," ती म्हणाली. आधी मराठीत, मग त्याला समजेल असं.

तो थांबला. नवराही तिच्याकडे बघायला लागला.

ड्रायव्हर गाडीला वळसा घालून तिच्या बाजूला आला आणि त्याने दार उघडलं. त्याच्या तोंडाला लाळ होती, डोळ्यांत पाणी होतं. होत्या, तो म्हणत राहिला, इतका वेळ होत्या. आणि त्याने तिच्या थोबाडीत दिली. कानात सुंई झालं. ती कॅरिअरमध्ये हात घालतेय हे पाहून त्याने स्वतःच तिथे हात खुपसला. त्याच्या जाड बोटांत नोटांऐवजी ढमीचा पाय आला. त्याने पिरगाळून बाजूला केला तशी पोरगी किंचाळली. अशी ती कधीच किंचाळली नव्हती, लस टोचतानाही नाही.

ढमीची आई त्याच्या मनगटाला चावली. कातडं फुटून रक्ताची चव लागेपर्यंत तिने दात काढले नाहीत. त्याने पान्याचा मागचा दांडा तिच्या खांद्यात हाणला. तिची पकड सुटली, पण तोवर घडी तिच्या मुठीत आली होती. तिने ती त्याला दिली नाही. पलीकडच्या उघड्या दारातून, आडव्या नवऱ्याच्या अंगावरून, जेवढ्या लांब जातील तेवढ्या लांब भिरकावली.

फोनमधले पैसे असे भिरकावता आले नसते. नोटा वाऱ्यावर सुटल्या. एक पत्र्याच्या दाराला चिकटली, बाकीच्या रस्त्यावरून लोळत, उडत पुढे पळाल्या. ड्रायव्हरने तिच्याकडे पाहिलं, नोटांकडे पाहिलं, आणि त्याचे पाय आपोआप तिकडे वळले. नवऱ्याला ओलांडून तो धावला.

"आत ये," ती म्हणाली. "सरपटत ये, पण ये."

कोपरांवर रेटत नवरा मागच्या सीटवर चढला. ती खाली उतरली आणि ढमीसकट पुढच्या दारातून स्टीअरिंगमागे घुसली. पोरगी तिच्या आणि स्टीअरिंगच्या मध्ये चेपली गेली. लायसन्स तिने कॉलेजात असताना काढलं होतं, त्यानंतर ते पाकिटात पडून होतं. पण गाडी बिनक्लचची होती आणि इंजिन चालू होतं. तिने दांडा ओढला. गाडी मागे गेली आणि गोदामाच्या भिंतीवर आदळली. मागून नवरा कण्हला. तिने दांडा पुन्हा ओढला.

ड्रायव्हर पुढे, रस्त्याच्या मधोमध, वाकून नोटा गोळा करत होता. आवाज ऐकून सरळ झाला. एका मुठीत नोटा, एका हातात पाना. तो पळाला ते गाडीच्या दिशेने. पाना त्याने फेकला, तो समोरच्या काचेवर बसला आणि काचेवर जाळं उमटलं. त्या जाळ्यातून तो तिला तुकड्यातुकड्यांत दिसत होता. उसवलेली कॉलर, उघडं तोंड, वर केलेला हात. तो थांब म्हणत होता की शिव्या देत होता, तिला समजलं नाही.

ब्रेक कुठे आहे हे तिला माहीत होतं. पाय त्याच्या शेजारीच होता. तिने दुसरं पायडल दाबलं.

आधी एक धप्पकन आवाज झाला, मग गाडीचं डावं चाक उचललं गेलं आणि खाली आलं. मग मागचं उचललं गेलं आणि खाली आलं. ढमी रडता रडता थबकली, उचकी दिली आणि पुन्हा सुरू झाली.

तिने गाडी विमानतळाच्या गेटाकडे घेतली. आरशात तिला नवरा दिसत होता. सुजलेला ओठ, मांडीवर ठेवलेला हात, हात कसला, मांसाचा चोळामोळा. तो मागच्या काचेतून बघत नव्हता. तिच्याकडे बघत होता.

"कधी बदलल्यास नोटा?" त्याने विचारलं.

"पहिल्याच दिवशी."

त्याने मांडीवरच्या हाताकडे पाहिलं. मग अगदी बारीक आवाजात, जणू दुसऱ्याच कुणाला विचारतोय, तो म्हणाला, "मग त्याने मागितल्या तेव्हा का नाही काढल्यास?"

तिला पुष्कळ सांगता आलं असतं. घाबरले म्हणता आलं असतं, आणि त्याला ते पटलंही असतं.

"तू हसला असतास," ती म्हणाली.

आडव्या दांडीपाशी गाडी थांबली. दोन पहारेकरी आधी हात दाखवत, मग पळत आले. एकाने तडकलेली काच पाहिली आणि तो वाकून चाकाकडे बघायला लागला. दुसरा खिडकी ठोठावत होता. ढमीच्या आईचा हात पोरीच्या नाकाशी होता. पोरगी मोठमोठ्याने रडत होती, आणि तरी ती श्वास चालू आहे का ते बघत होती. मागे कुणी हसलं नाही.