पाणथळीला अंथरलेला कागद

"सरपंच, तुमचं तळं काठोकाठ भरलंय, मग आमची हीर कावून आटली?" भिमाबाईंनी रिकामी कळशी म्हाळूअण्णांच्या पायांपुढे ठेवली.

धारूरच्या डोंगराखाली, वस्तीच्या वरच्या अंगाला, आमची पाणथळ होती. लव्हाळे, बेडूक, बगळे आणि गुडघाभर चिखल. पूर्वजांनी तिला हात लावला नव्हता, हेच त्यांचे शहाणपण. म्हाळूअण्णांना मात्र चिखल हा गावाचा अपमान वाटला. त्यांनी तो उपसला आणि शेततळ्यात अंथरतात तसा प्लास्टिकचा काळा कागद तळाशी अंथरला. पृथ्वी आणि आप यांची गाठ विधात्याने घातलेली. अण्णांनी मध्ये अंतरपाट धरला. पाणी आरशासारखे चमकू लागले आणि संक्रांतीआधीच वस्तीची विहीर कोरडी पडली.

"हिरीचं बी नशीब आसतं, भिमाबाई," अण्णा म्हणाले. "आमच्या तळ्यात थेंब मुरत न्हाई, बगा."

"तेच तर म्हन्ते. तुमच्यात मुरंना, म्हनून आमाला मिळंना."

कागदाचे सांधे जोडणारा शफी मान खाली घालून हसला.

त्याच आठवड्यात एक साहेब व्याख्यानास आले. विषय होता समुद्रकाठच्या पाणथळींचे पुनरुज्जीवन. समुद्र इथून किती कोस, हे कोणी विचारले नाही. वरून आलेला विषय परत पाठवण्याची आपल्याकडे रीत नाही. खारफुटीचा चिखल लाटांचा मार सोसतो, पाणी गाळतो, माशांची पिल्ले सांभाळतो, हवेतला कर्बही पोटात घेतो, असे साहेब तन्मयतेने सांगत होते.

भिमाबाई उठल्या. "सायेब, त्या चिकलाखाली कागद हातरत्यात का?"

"कागद?" साहेब गोंधळले. "बाई, मग तो चिखल जगेल कसा? खालच्या मातीशी त्याचं नातं तुटलं, की सगळंच संपलं."

"हे आमच्या सरपंचाला जरा मोट्यानं सांगा. त्यांला कमी आयकू येतं."

सभा हसली. सर्वांत आधी टाळी वाजवली ती म्हाळूअण्णांनी. "मी बी हेच म्हनत व्हतो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शफी सुरी घेऊन काठावर उतरला. "म्या जोडलेलं म्याच फाडतो, मावशी."

साठलेले पाणी मातीने प्राशन केले. पुढच्या पावसाळ्यात लव्हाळे फुटले, बगळे उतरले, विहीर चार हात चढली. मग काठावर पाटी लागली: 'सरपंच म्हाळूअण्णा यांच्या दूरदृष्टीतून साकारलेली पाणथळ'.

शफीने ती भिमाबाईंना वाचून दाखवली.

"ऱ्हाऊ दे त्येचं नाव," कळशी कमरेला लावत त्या म्हणाल्या. "पाटी वर हाय तवर काई बिगडत न्हाई. खाली हातरली, तर मला सांग."