दुसरं कडवं

योर्ननं तीनचाकी सायकलवरून भलामोठा स्पीकर उतरवला आणि ग्वेलानच्या उंबऱ्याशी टेकवला. पेइचिंगच्या त्या गल्लीत गोरा माणूस दारात उभा म्हटल्यावर अंगणातल्या साऱ्या खिडक्यांना डोळे फुटले.

"काकू, फक्त आजची दुपार," तो म्हणाला. माणूस डेन्मार्कचा, भाषाशाळेतला मास्तर, पण बोलणं अगदी गल्लीतल्या पोरांचं.

ग्वेलानचा मुलगा शुओ आणि त्याचे दोन सोबती रॉक वाजवायचे. उघडपणे त्याला परवानगी मिळत नसे, म्हणून योर्न आणि त्याचे परदेशी मित्र वाढदिवसाच्या नावाखाली एखादं हॉटेल घेत. येत्या रविवारी तसाच बेत होता. पण पोरांच्या तालमीच्या गोदामाला मालकानं कुलूप ठोकलं होतं, आणि फक्त परदेशी लोकांसाठीच्या योर्नच्या इमारतीचा पहारेकरी चिनी पोरांना फाटकातूनच परत पाठवत होता.

ग्वेलाननं योर्नकडे पाहिलंही नाही. दोन हिवाळ्यांमागे अशाच एका कार्यक्रमासाठी तो टॅक्सी घेऊन आला होता आणि शुओला घेऊन गेला होता. आत तिचा नवरा, काचकारखान्यात फुप्फुसं गमावून बसलेला, अंथरुणावर पडून होता. शुओ परतला तेव्हा शेजाऱ्यांनी बापाच्या तोंडावर पांढरं कापड ओढलेलं होतं. ती मुलाला एका शब्दानं बोलली नाही. तेव्हापासून मायलेकांत बोलणं उरलं ते जेवणाचं आणि कोळशाचं.

शुओ नळापाशी मान घालून उभा होता. त्यानं मागितलं असतं तर ती नाही म्हणाली असती. तो मागतच नव्हता.

"शेगडीला धक्का लावू नका," म्हणून ती सुरी आणि कोबी घेऊन अंगणात जाऊन बसली.

आत असा काही दणका सुरू झाला की खिडकीच्या काचा थरथरल्या. गल्लीच्या समितीतल्या तानबाई दंडावरची लाल पट्टी सावरत आल्याच.

"घरात भिंती पाडतेयस का गं?"

"पोरगा गातोय."

"आणि तो गोरा? वरून कुणी विचारलं तर काय सांगू मी?"

"सांगा, पाहुणा जेवायला आलाय."

तानबाई आणखी काही बोलणार, तोच आतला गोंगाट थांबला. शुओचा एकट्याचा आवाज आला. भिंतीपलीकडे बाबा खोकतात, गाणं सांगत होतं, आणि तो खोकला ऐकत मला झोप लागते. मागे ढोलाच्या कडेवर काठी कोरडी वाजत होती, खक्, खक्. एके दिवशी मी घरी आलो तर भिंत गप्प होती. तेव्हापासून मला झोप नाही.

ग्वेलानची सुरी कोबीतच राहिली.

"हा तर आपल्या लाओ यानचाच खोकला," तानबाई हळूच म्हणाल्या. मग वर काय सांगणार ते न सांगताच निघून गेल्या.

ग्वेलान आत गेली. वाजवणं थांबलं. योर्न धडपडत उठला. त्याचा चेहरा पडला होता.

"काकू, त्या संध्याकाळी मी..."

"बस खाली," ती म्हणाली. मग मुलाकडे वळली. "दुसऱ्या कडव्यात घाई करतोयस तू. ते असं सलग नव्हते खोकत. एकदा खोकायचे, मग आपण दोघं जागे झालो की काय म्हणून कानोसा घ्यायचे. मगच पुन्हा."

शुओनं गिटार सारखी केली आणि ढोलवाल्याकडे पाहून मान हलवली.

योर्ननं पायाशी पसरलेली वायर उचलून तिला जागा करून दिली. पलंगाच्या कडेला ती बसली, ओले हात मांडीवर ठेवून. दुसरं कडवं आलं. काठी एकदा वाजली, आणि मग सगळे थांबले.