फ्लेक्सवरचा शुभेच्छुक

शिरूरच्या अनिताला किड्यांचं भारी वेड. स्टुडिओ लग्नांचा आणि फ्लेक्सच्या फोटोंचा; पण रविवार उजाडला की बाई मॅक्रो लेन्स घेऊन कुणाच्या तरी बांधावर पालथी. मुंगीच्या मिश्या, माशीचे डोळे, काय काय टिपून आणायची, आणि बघायला कुणी नसायचं. नवरा विक्रम तर पार कातावला होता. "या निवडणुकीत फ्लेक्सची कामं आली न्हाईत, तर ती लेन्स विकून टाकीन," त्यानं बजावलं होतं.

म्हणून विकास सोसायटीच्या निवडणुकीला उभ्या राहिलेल्या केंदूरच्या बापूसाहेबांनी फोटोला बोलावलं, तेव्हा तिनं ठरवलं, आज किड्यांकडे ढुंकूनही बघायचं नाही.

बापूसाहेब आपल्या झेंडूच्या शेतात हात जोडून उभे राहिले. माणूस रुबाबदार, पण कॅमेरा दिसला की चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा. "हसा की बापूसाहेब," म्हणावं तर मिश्या आणखी ताठ. अनिता घामाघूम झाली.

तेवढ्यात त्यांच्या शेजारच्या फुलावर तिला खंडोबाचा किडा दिसला. हिरवागार, पुढचे पाय जोडून, मान वाकडी करून बघणारा. झालं! तिनं लेन्स बदलली आणि गिऱ्हाईक सोडून मातीत गुडघे टेकले.

"ओ ताई! मी हितं हात जोडून ताटकळलोय, आन् तुम्ही किडं काढताय व्हय?"

गेली लेन्स! अनितानं कॅमेऱ्याची स्क्रीन पुढे केली. बापूसाहेबांचा आवाज एकदम खाली आला.

"आरं, खंडोबाचा किडा! देवाला कसा हात जोडतोय बगा."

अनिताची खरं बोलायची खोड वाईट. "देवाला न्हाई, बापूसाहेब. सावज टप्प्यात यायची वाट बघतोय. आलं की गट्टम."

बापूसाहेबांनी किड्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या जोडलेल्या हातांकडे. आणि असे खदखदून हसले की फेटा कलला. हात सुटायच्या आत अनितानं फोटो टिपला होता.

गावच्या चौकात फ्लेक्स लागला. वर हसरे बापूसाहेब, खाली शुभेच्छुकांची रांग, आणि रांगेत पहिल्या गोलात खंडोबाचा किडा. "आमचा गुरू हाय त्यो, त्याला म्होरं टाका," असा बापूसाहेबांचा हुकूमच होता. माणसं गाड्या थांबवून त्याचे डोळे न्याहाळत होती. अनिताला रडू येईल इतका आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी विरोधी पॅनेलचे रोहिदास स्टुडिओत हजर. "फोटो काढायचाय, ताई. पर आदी आमचा किडा दावा."

विक्रमनं कपाटातून लेन्स काढली आणि शर्टाच्या टोकानं पुसायला घेतली.