पालथं पडल्याचे गुलगुले

माझ्या मुलाला मी माझ्याच हाताने पालथं केलं आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "आई, या लवकर, टिंकू पालथा पडला." खोटं बोलायची मला सवय नव्हती. शाळेत गृहपाठ केला नसेल तर मी सरळ उभी राहून छडी खायची. पण त्या दुपारी ती हाक इतकी सहज निघाली की मलाच माझा राग आला. तो अजून उतरलेला नाही.

झालं असं की माझी धाकटी जाऊ नीतू, तिची लेक रुची माझ्या टिंकूपेक्षा वीस दिवसांनी लहान. गोंदियाजवळच्या दवनीवाड्यात आमचं घर एक, अंगण एक, दोन्ही लेकरं दिवसभर एकाच चटईवर. चौथा महिना लागला आणि रुची पालथी पडली. आमच्या सासरी रीत आहे, मूल पहिल्यांदा पालथं पडलं की गुळाचे गुलगुले तळायचे आणि गल्लीत वाटायचे. सासूबाईंनी परातभर तळले. शेजारच्या बायका एकेक गुलगुला तोंडात टाकत मला विचारायच्या, "मोठ्याचे कवा खाऊ घालतेस वं, पुष्पांजली?" थट्टाच करत होत्या बिचाऱ्या. पण लग्नानंतर सहा वर्षं ह्याच बायकांनी मला "कवा" विचारलं होतं. सातव्या वर्षी टिंकू झाला तेव्हा वाटलं होतं, आता ह्या शब्दापासून सुटले.

टिंकू साडेचार महिन्यांचा झाला तरी ठेवला तसाच पडून राहायचा. पाय दोन बाजूंना बेडकासारखे पडलेले. उचलला की मान मागे जायची. डोळे मात्र टपोरे, सगळं बघायचे. खुळखुळा समोर धरला की टक लावून बघत राहायचा, हात काही यायचा नाही. मी खुळखुळा त्याच्या बोटांपर्यंत न्यायची, तळहातात ठेवायची, तो गळून पडायचा.

त्या दुपारी हाक ऐकून सासूबाई आल्या, हाताला कणीक लागलेली. टिंकूचा गाल चटईला टेकलेला होता आणि एक हात पोटाखाली अडकला होता. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "चांगलं झालं बाई," त्या म्हणाल्या, "डब्यात गूळ किती हाय पाह्य." संध्याकाळपर्यंत गल्लीभर गुलगुले वाटून झाले. मीही दोन खाल्ले.

एक खोटं झाकायला दहा लागतात म्हणतात. मला दहाही पुरली नाहीत. नवरा गजेंद्र रायपूरला कारखान्यात, तीन-चार महिन्यांतून एकदा घरी. व्हिडिओ कॉलवर म्हणायचा, "दाखव ना, खेळतो कसा." मी फोन असा टेकवून ठेवायची की माझा हात दिसू नये. मग मागून टिंकूची मूठ धरून खुळखुळा वाजवायची. गजेंद्र तिकडे खूष, मशीनवरच्या मित्रांना बोलावून दाखवायचा. रुची टेकून बसायला लागली तेव्हा मी बांबूची टोपली घेतली, आत जुनी लुगडी कोंबली, मधोमध टिंकूला रोवला आणि फोटो काढला. घरच्या ग्रुपवर सतरा जणांनी बदाम पाठवले. फोटो निघाला आणि पुढच्याच क्षणी तो एका बाजूला कलंडला, त्याचं नाक लुगड्यात बुडालं. मी धावत उचललं. फोटोत ते कोणाला दिसलं नाही.

धानाच्या रोवणीचे दिवस आले. घरचे सगळे शेतात, बांधीवर जायचे आणि दुपारी घरात आम्ही दोघंच. मी दार लावून घ्यायची आणि त्याची शाळा भरवायची. पोटावर टाकायची, समोर चकचकीत वाटी ठेवायची, "उचल रे मान, उचल रे राजा." त्याचं कपाळ चटईवर घासायचं, लाल व्हायचं. एकदा मी त्याच्यावर ओरडले. "काऊन धरत नाहीस रे, काऊन?" तो माझ्याकडे बघून हसला. त्याला वाटलं मी खेळतेय. मी तिथेच जमिनीवर बसले आणि तोंडात पदर कोंबून रडले, कारण भिंतीपलीकडे शेजारीण तांदूळ निवडत होती.

फोनवर मी वाचलं होतं. प्रत्येक बाळाची वाढ आपल्या गतीने होते, असं एक वाक्य होतं. ते मी इतक्या वेळा वाचलं की पाठ झालं. त्याच्याखाली डॉक्टरांना कधी दाखवावं ह्याची यादी होती. तिथे पोचले की माझा अंगठा आपोआप स्क्रीन वर सरकवायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतात ना. माझ्या मुठीत काय आहे ते मला माहीत होतं, म्हणूनच ती उघडवत नव्हती.

टिंकूला सहा महिने पूर्ण झाले आणि अंगणवाडीत तपासणीची गाडी येणार असा निरोप आला. ही गाडी सहा महिन्यांतून एकदा येते. त्या सकाळी मी काय केलं ते सांगायची लाज वाटते, पण सांगते. निघायच्या आधी त्याला पोटभर पाजलं, थोपटलं आणि खांद्यावर झोपवून नेलं. झोपलेल्या लेकराला कोण उठवतं?

अंगणवाडीत डॉक्टर मॅडम होत्या, तरुण, चष्मेवाल्या. शेजारी सेविका गंगाबाई मोबाईलवर माहिती भरत होत्या. नीतू रुचीला मांडीवर घेऊन बसली होती, रुची प्लॅस्टिकचा चमचा या हातातून त्या हातात घेऊन चघळत होती. आमचा नंबर आला तशा बरोबर आलेल्या सासूबाई माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या. टिंकूचं वजन झालं, वजन ठीक निघालं. मॅडम प्रश्न विचारू लागल्या आणि मी तोंड उघडायच्या आत सासूबाईच बोलू लागल्या.

"समोरची वस्तू हाताने धरतो का?"

"धरते ना. खुळखुळा वाजवते."

"बसतो?"

"टोपल्यात बसवलं का बसते. फोटो हाय मोबाईलवर."

"पालथा पडतो?"

"कवाचाच. गुलगुले वाटले आम्ही."

"हो मॅडम," गंगाबाई म्हणाल्या, "मीबी खाल्ले."

मॅडम हसल्या आणि कागदावर एकामागून एक बरोबरच्या खुणा करत गेल्या. "झोपलाय, राहू द्या. पुढच्या वेळी बघू." त्यांनी पुढच्या लेकराचं नाव पुकारलं.

पुढची वेळ म्हणजे आणखी सहा महिने. तेव्हा टिंकू वर्षाचा झालेला असेल. पालथं मला हाताने करता आलं, बसवायला टोपली मिळाली. उभं कशात करू? चालवू कशी? आणि तो चाललाच नाही तर गल्लीतल्या बायकांना काय सांगू, हे त्या क्षणी माझ्या मनातही आलं नाही. मला फक्त एवढंच दिसलं की कागदावर खुणा झाल्या आहेत, त्या खुणांमध्ये माझं लेकरू चांगलं धडधाकट आहे, आणि खांद्यावर मात्र ओल्या कापडासारखं लोंबतंय. कागदावरच्या मुलाला औषधाची गरज नव्हती.

"मॅडम, सारं खोटं हाय," मी म्हणाले.

गंगाबाईंचं बोट मोबाईलवर थांबलं. "तो पालथा पडत नाही. मीच करते. खुळखुळा मीच वाजवते. तो कायी करत नाही, मॅडम. कायीच करत नाही." मला वाटलं होतं मी हळू बोलतेय. बाहेर रांगेतल्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या तेव्हा कळलं की मी ओरडत होते.

मॅडमनी त्याला चटईवर ठेवलं आणि जागं केलं. त्याचे दोन्ही हात धरून त्याला हळूच उठतं केलं. हात वर आले, खांदे वर आले, डोकं मागेच राहिलं. पुन्हा केलं, पुन्हा तसंच झालं. नीतूने रुचीला छातीशी धरलं आणि तोंड फिरवलं. ती वाईट बाई नाही. तिला बघवलं नाही.

"हे कधीपासून लक्षात आलं तुमच्या?" मॅडमनी विचारलं.

मी सांगणार होते, चौथ्या महिन्यापासून. त्याआधी मागून सासूबाईंचा आवाज आला.

"दुसऱ्या महिन्यापासून."

मी वळून पाहिलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, मॅडमकडेही नाही. "रोज आंघोळ मीच घालते ना," त्या म्हणाल्या. "पाच लेकरं वाढली ह्या पायावर. पाणी पडलं का लेकरू अंग आवरते, पाय मारते. हे आवरत नव्हतं."

मॅडमनी पुन्हा एकदा टिंकूची मान तपासली. मग चिठ्ठी लिहिली, सोमवारी गोंदियाला मोठ्या दवाखान्यात जायचं. मी विचारलं, बसेल ना? त्या म्हणाल्या, तपासण्या झाल्याशिवाय काही सांगता येणार नाही, पण व्यायाम आणि उपचार जितके लवकर सुरू होतील तितकं बरं, या वयातला एकेक महिना मोठा असतो. हे त्या रागावून म्हणाल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्या अगदी हळू म्हणाल्या.

घरी येताना मी पुढे चालत होते, सासूबाई मागून. उंबरा ओलांडला आणि माझा बांध फुटला. "मग गुलगुले काऊन तळले, आई? मालूम होतं तर काऊन तळले?"

सासूबाई ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. "तू हाक मारली. तुह्या तोंडाकडं पाह्यलं. सहा वर्षं तुले लोकांनी बोलून बोलून पोखरलं, ते का मले दिसलं नाही? तळले नसते तर तुले समजलं असतं, का ह्या बुढीले मालूम हाय. मले वाटलं, चार दिवस खुश राहू दे. मंग तूच सांगशील. वाट पाह्यत होती मी. मॅडमपुढंबी मीच बोलली, चारचौघीत तुह्यी फजिती नको म्हणून."

"आन् मी तुमच्यासाठी करून राह्यली होती," मी म्हणाले. "तुम्ही खुश होता म्हणून."

त्यांनी तोंडावर पदर घेतला. त्या रडतात हे मी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिलं. "दोघीनं मिळून लेकराचे दोन महिने खाल्ले," त्या म्हणाल्या. मला त्यांना नाही म्हणायचं होतं, पण ते खरं होतं आणि खोटं बोलायची ताकद आता माझ्यात उरली नव्हती. मी गजेंद्रला फोन लावला आणि सोमवारची सुट्टी घ्यायला सांगितलं. का म्हणून त्याने विचारलं. मी सगळं सांगितलं, पहिल्या हाकेपासून. तिकडून मशीनचा आवाज येत राहिला.

मग सासूबाईंनी पाणी तापवलं. न्हाणीत पाय लांब करून बसल्या, टिंकूला पायांवर घेतलं. एरवी आंघोळीच्या वेळी त्या मला जवळ फिरकू देत नसत. आज म्हणाल्या, "इकडं ये. बस. मानेखाली हात घाल."

मी हात घातला. त्यांनी आपला हात काढून घेतला. टिंकूचं डोकं सगळ्या वजनासकट माझ्या तळहातात आलं आणि तो खालून माझ्याकडे बघत राहिला.

"जड हाय ना?" सासूबाईंनी विचारलं.

"जड हाय," मी म्हणाले.