मागच्या दाराशी बसवलेली आई

गुरुदत्त सबनीस पनवेलच्या एका शर्टांच्या कारखान्यात मॅनेजर होता. स्वतःच्या हुशारीचं त्याला भारी कौतुक; इतरांना ते जमत नसल्यामुळे सगळं त्यालाच करावं लागे.

एकदा परदेशी कंपनीचा फॅक्स आला. त्यांची गोरी मडम तपासणीला येणार. कामगारांच्या सुरक्षेसाठी मागचं दार मोकळं हवं. खाली लिहिलं होतं की माल ठरल्याच्या आधी हवा, आणि भावही उतरवा. इकडे मागच्या दाराला मालकांनी चोरीच्या धास्तीने कुलूप ठोकलेलं आणि त्यापुढे घाईच्या मालाचे कापडाचे गठ्ठे रचलेले. सगळ्या अटी पाळायच्या तर भिंती रबराच्या हव्या होत्या.

गुरुदत्तने डोकं चालवलं. गठ्ठ्यांवर पांढरी चादर घातली, दाराला टेकवून एकवीरा आईची तसबीर ठेवली, पुढे समई लावली. मोरा गावाहून शिलाईला येणारी जनी मनापासून पाया पडली.

मडमनेही बूट काढून हात जोडले आणि दाराचं विचारायचं विसरली. स्थानिक श्रद्धांचा आदर होतो, असा शेरा देऊन ती गेली. गुरुदत्तने स्वतःच पेढे आणून स्वतःच दोन खाल्ले.

तेव्हापासून समई रोज लागे. पुढच्याच आठवड्यात तिने चादर पेटली. धूर पाहून सगळ्यांना सावध करायला गुरुदत्त उठला. त्याचं टेबल पुढच्या दाराशीच होतं, त्यामुळे "पळा" हा शब्द तोंडातून निघेपर्यंत तो रस्त्यापलीकडे पानटपरीशी पोचला होता. आत बायकांची चेंगराचेंगरी झाली. जनीने माठ ओतून आग विझवली, त्यात तिचा हात भाजला.

दुसऱ्या दिवशी तो खाली मान घालून आला. मागच्या दाराचं कुलूप तोडलेलं, दार सताड उघडं, खाडीचा वारा थेट आत येत होता. गठ्ठे त्याच्या खुर्चीभोवती रचलेले आणि टेबलावर ताजा हार घातलेली आई.

"जनीबाई, हे काय?"

पट्टी बांधलेल्या हाताने जनी कापड सरकवत होती. मान वर न करता ती म्हणाली, "आईला तुमच्या जागेव बसवलीय, साहेब. तितं कोनतरी न पळनारा पायजे."

गुरुदत्तला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात फोन वाजला. मालक ओरडत होते, कुलूप कोणी तोडलं, त्याला आजच्या आज काढून टाका.

बसायला जागा नव्हती. उभ्यानेच तो म्हणाला, "मी तोडलं."

आजवर तो पुष्कळ खोटं बोलला होता. कुणाच्या उपयोगी पडलेलं हे पहिलंच.